फोन आपटला, त्याबद्दल

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

परवा तुझ्यावर फोन आपटला, कान धरतो. तुझ्या लेकीच्या पुस्तकात तू पाहिलंस ते खरंच निघालं. तिकडे इंदूरच्या हिंदी पुस्तकांत ॲटम म्हणजे 'परमाणु' आणि मॉलिक्यूल म्हणजे 'अणु'. आपल्याकडे ॲटमला अणू म्हणतात नि मॉलिक्यूलला रेणू. शब्द एक, वस्तू दोन, आणि आपण अर्धा तास गळा काढून भांडलो!

हो, या वयात नववीचं पुस्तक काढलंय. घरात सगळे हसतात. संयुजा, म्हणजे एका अणूची दुसऱ्यांशी जुळायची क्षमता सांगणारे आकडे, आपण पाढ्यांसारख्या घोकायचो, आठवतं? सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, ॲल्युमिनियम तीन. कुठून आले हे आकडे, हे विचारायचं तुलाही सुचलं नाही नि मलाही. आता अणूपासून सुरुवात केली तेव्हा उलगडलं. सोडियमचे 11 इलेक्ट्रॉन कवचांत 2, 8, 1 असे बसतात. क्लोरीनचे 17, ते 2, 8, 7. बाहेरचं कवच आठाने पुरं होतं, म्हणजे याला एक कमी. सोडियमचा बाहेरचा एक इथे आला की दोघांचं भागलं, तेच आपलं मीठ. मॅग्नेशियमचे बाहेर दोन, म्हणून त्याला क्लोरीनही दोन लागतात. झालं, घोकंपट्टी संपली.

पण पुस्तक म्हणतं, सोडियम इलेक्ट्रॉन 'देतो'. जणू दिवाळीचा फराळ वाटतोय! जन्मभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला हे पटेना. मग भाचीच्या वरच्या वर्गाच्या पुस्तकातून आकडे काढले. एक मोल, म्हणजे 23 ग्रॅम सोडियम घे. वायुरूपातल्या त्या सुट्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढायला 496 किलोज्यूल ऊर्जा खर्च. तो तेवढ्याच क्लोरीन अणूंना दिला की जमा 349. तूट 147! असा धंदा कोण करेल? पुढे मात्र इलेक्ट्रॉन गमावलेले धन आणि तो मिळालेले ऋण अणू, म्हणजे आयन, जवळ येऊन स्फटिकात रचले जातात, तेव्हा सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. सगळा नफा त्या रचणीत, बंड्या. ताळा जुळल्यावर रात्री एक वाजता एकटाच हसलो.

आणि गंमत ऐक. त्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. यातली जोडी कुठली म्हणायची? म्हणजे ताटातल्या मिठाला ना तुझा 'अणु', ना माझा रेणू. ज्यावरून भांडलो ते तिथे नाहीच.

संयुजेला लेकीच्या पुस्तकात काय म्हणतात, ते विचारून कळव. पुढच्या रविवारी भांडायला काहीतरी हवं.

तुझाच,
हिशेबनीस