कवळीचं मऊ अस्तर किती दिवस टिकणार, हे आधीच सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या. खालची कवळी सारखी टोचायची म्हणून गेल्या दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी तिला आतून मऊ अस्तर लावून दिलं, सॉफ्ट लायनिंग म्हणतात ते. पहिला महिनाभर घरात सगळ्यांनाच बरं वाटत होतं, आमटीत कुस्करलेली भाकरी सोडून त्या तव्यावरच्या भाकरीवर आल्या, शेंगदाण्याची चटणी मागून घ्यायला लागल्या. आणि संक्रांतीला तिळाची वडी हातात घेतली आणि गुपचूप पदराच्या टोकाला बांधली. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, नंतर खाते." रात्री कवळी काढल्यावर बॅटरी लावून बघितलं तर जिभेच्या बाजूला हिरडीवर मोठा चट्टा उठलेला.

कवळी हातात घेतली. नवीन असताना नख दाबलं की आत जायचं आणि परत वर यायचं, आता तिथं नुसतं टकटक वाजत होतं. मागच्या कडेला अस्तर सुटलेलं, त्या फटीत हळदीची पिवळी रेघ आणि पांढरट थर, वासही येत होता.

मिरजेला दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडं गेलो, त्यांनी मात्र बसवून नीट समजावलं. या अस्तराचे मुख्य प्रकार दोन. ॲक्रिलिकच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, अस्तराला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझर नावाच्या द्रव्यामुळं, ते लाळेत हळूहळू झिरपून निघून जातं, अस्तर पाणी शोषत राहतं आणि शेवटी कडक, खरखरीत होतं, आईंचं झालं ते हेच. सिलिकॉनचं अस्तर मुळातच रबरासारखं, त्यामुळं ते जास्त दिवस मऊ राहतं पण कवळीच्या कडक ॲक्रिलिकला ते आपणहून धरत नाही, मध्ये वेगळं चिकटद्रव्य लावावं लागतं आणि तरी काही काळानं कडेनं सुटायला लागतं. एकदा फट पडली की लाळ, अन्नाचे कण आत जातात आणि कँडिडा नावाची बुरशी तिथं घर करते. शिवाय टिश्यू कंडिशनर म्हणून एक तात्पुरतं मऊ अस्तर असतं, दुखावलेली हिरडी बरी होईपर्यंतच वापरायचं, थोड्या थोड्या दिवसांनी बदलायचं. अस्तराला साधारण २-३ मिमी जाडी लागते, त्यासाठी कवळी आतून घासतात, म्हणजे ती पातळ होऊन तडकायचीही भीती असते.

यातलं एक अक्षर आम्हाला पहिल्या ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं. बिलावर फक्त "कवळी दुरुस्ती". आणि आई रोज रात्री कवळी कडकडीत गरम पाण्यात टाकून सकाळी ब्रशनं खसाखसा घासायच्या, स्वच्छतेची त्यांना फार आवड, त्यांना वाटायचं आपण चांगलंच करतोय! गरम पाणी नको, ब्लीच नको, मऊ ब्रशनं हलक्या हातानं धुवून रात्री साध्या पाण्यात ठेवा, एवढी दोन वाक्यं कागदावर लिहून दिली असती तर?

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, खालचं तर वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आज नीट बसलेली कवळी उद्या सैल होणारच, अस्तर कितीही चांगलं असलं तरी. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना कवळीही मिळते, ही खरंच मोठी सोय आहे, पण कवळी दिल्यावर ती पुन्हा तपासायला कधी आणि कुठं यायचं हेही त्याच दिवशी सांगायला पाहिजे. जत, आटपाडीकडच्या एखाद्या आजींना कवळी टोचायला लागली तर त्या काय करतात, डब्यात ठेवून देतात आणि हिरडीनंच खातात, हे मी माहेरी डोळ्यानं बघितलंय.

म्हणून आपल्या भागातल्या सगळ्या दंतवैद्यांना आणि शिबिरं घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, अस्तर कुठल्या प्रकारचं, कधी लावलं आणि पुन्हा कधी दाखवायचं, या तीन गोष्टी मराठीत कार्डावर लिहून द्या. आणि घरातल्यांनी आठवड्यातून एकदा तरी म्हाताऱ्या माणसाची कवळी हातात घेऊन अस्तर दाबून बघा, कडा बघा, कारण ती माणसं आपणहून दुखतंय म्हणून सांगत नाहीत.

आईंना आता सिलिकॉनचं अस्तर लावलंय. तपासणीची तारीख मॅडमनी कार्डावर लिहून दिलीय, ते कार्ड देवघराच्या शेजारी कॅलेंडरला टाचलंय.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली