गणवेशात माया ठेवा, साहेब

मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सोलापूर म्हटलं की भाषणात चादर आणि टॉवेल येतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, ते योग्यच. पण आता इथल्या कितीतरी घरांत शिलाई मशीन चालतं ते शाळेच्या गणवेशावर. मी त्याच धंद्यातला.

कापडाचा कचरा म्हटलं की लोक आमच्या कटिंग टेबलाखाली बोट दाखवतात. तिथली चिंधी पोत्यात भरून वजनावर जाते. सुतीला गिऱ्हाईक मिळतं. टेरिकॉटला भाव कमी, कारण पॉलिस्टर आणि कापूस एकदा एकत्र कातले की वेगळे करणं महाग पडतं. 2022 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की देशात वर्षाला सुमारे 78 लाख टन कापड कचऱ्यात जातं आणि त्यातलं निम्मं घरोघरी वापरून टाकलेलं असतं. म्हणजे खरा प्रश्न कपडा लवकर टाकला जातो हा आहे.

गणवेश का टाकतात? फाटला म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा आखूड झाला म्हणून. शाळकरी पोर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. जुने शिंपी पँटच्या खाली दोन इंच पट्टी आत मुडपायचे, कमरेला मागच्या शिवणीत माया, म्हणजे आत दडवलेलं जादा कापड, सोडायचे. जूनमध्ये उसवलं, की आणखी एक वर्ष निघालं. आम्ही ठोक माल कापतो तेव्हा पहिला घाव याच मायेवर पडतो, कारण लाखभर पँटींत दोन-दोन इंच म्हणजे मोठा पैसा. स्वस्ताईची ही किंमत पालक वर्षभरात पुन्हा मोजतात. उसवल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ दिसते. दिसू दे.

सरकारी शाळांच्या मोफत गणवेशाचा पैसा सरकारचा. ‘एक राज्य, एक गणवेश’ गुंडाळून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली, चांगलं झालं. आता शिक्षण खात्याशी बोलून एक अट घालून घ्या: पँट आणि स्कर्टला खाली दोन इंच, कमरेला एक इंच माया, आणि तेवढ्या जादा कापडाचे पैसे दरात धरा. नाहीतर अट कागदावर राहील आणि माया कापूनच माल येईल. खासगी शाळांना गणवेशाचा रंग निदान पाच वर्षं बदलता येऊ नये. रंग बदलला की धाकट्या भावंडाला थोरल्याचा गणवेश चालत नाही, दुकानातला शिल्लक मालही मातीमोल होतो.

यात आमच्या ऑर्डरी थोड्या घटतील, खोटं कशाला बोलू. उसवणं-बेतणं मात्र वाढेल आणि ते काम मशीन असलेली कुठलीही बाई घरी करू शकते.

राहिले उरलेले कपडे. युरोपियन महासंघाने 1 जानेवारी 2025 पासून ते वेगळे गोळा करणं सदस्य देशांना बंधनकारक केलं. आपल्याकडे हे काम बोहारणी कुठल्याही कायद्याविना पिढ्यान्‌पिढ्या करतायत: भांडं देऊन कपडा घ्यायचा, निवडायचा, सांधायचा, विकायचा. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात पडलेला सदरा मात्र त्यांच्याही कामाचा राहत नाही. महापालिकेकडून त्यांना ओळखपत्र आणि पावसात कपडे कोरडे राहतील अशी एक शेड मिळवून द्या. गणवेशाची अट मात्र नव्या वर्षाचं कापड खरेदी होण्याआधी निघायला हवी. जूनमध्ये काढलेला आदेश आमच्या कात्रीला उशिरा पोचतो.

आपला,
सोलापुरातला एक गणवेश शिवणारा