ऐरण हाय का म्हस? – आण्णांचे जाहीर आभार

आण्णा, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप रे, चहा सांग" म्हणून विषय संपवता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय, आता काय करणार? तुमच्याकडं साधा बटणांचा फोन आहे, पण नात वाचून दाखवील, आणि ती वाचत असताना मधेच तुम्ही "न्हाई न्हाई, तसं नव्हतं ते" म्हणणार हेपण मला माहितीय.

ज्यांना आण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. आण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर आहेत. रविवारी सकाळी भाजी आणतो म्हणून घरात सांगायचं, पिशवी घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजाराला यायचं, आणि मग कोथिंबीर राहिली बाजूला, जुन्या लोखंडाच्या पथारीपाशी उकिडवं बसून तास दीड तास पाने, कानशी, पटाश्या उलट्यापालट्या करत राहायचं. मी अकाउंट्सचा माणूस, मला डिस्मिसनं स्क्रू फिरवला तरी हाताला फोड येतो, तर माझी आणि यांची ओळख व्हायचं काही कारणच नव्हतं.

कारण झालं ते महापुराचं. २०१९ ला आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं, आजोबांची सुतारकामाची पेटी खालच्या खोलीत होती ती पूर्ण बुडाली. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना पेटी उघडली तर आत नुसता तांबडा चिखल, रंधे, पटाश्या, गिरमिट, सगळं गंजून एक झालेलं. दारात भंगारवाला आला आणि किलोवर देऊन टाकलं. देणारा मीच. किती आले आठवत नाही, त्यातनं सगळ्यांना वडापाव आणले एवढं मात्र आठवतं. पुढं वर्षा-दीड वर्षानं वडिलांनी सहज विचारलं, "बाबांचा तो लोखंडी रंधा कुठाय रे, दार घासतंय खाली," आणि मी गप्प. तेव्हापासनं मी रविवारी बाजारात जायला लागलो. तोच रंधा मिळेल असं नव्हतं, पण तसला एखादा तरी घ्यावा असं डोक्यात होतं.

पहिला रंधा घेताना काय झालं ते सांगतो, कारण तिथंच तुम्ही मला धरलंत. बिडाचा, हातभर लांब, गंजलेला, पण वरच्या पितळी चाकाजवळच्या टोपीवर, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या पट्टीवर, स्पष्ट अक्षरात स्टॅन्ले, रंध्यातली नावाजलेली अमेरिकन कंपनी. मी खूश, आठशे म्हणत होता, खिशात हात घातला पण, आणि शेजारून आवाज आला, "टोपी बघून नवरा ठरवतोस व्हय रे?" मग तुम्ही रंधा माझ्या हातातनं घेतलात, अंगठ्याला थुंकी लावून बुडावरचा गंज चोळलात, आणि पुढच्या मुठीमागं उठावातलं ०५ दिसलं. "स्टॅन्लेचा पाच नुसता पाच असतोय. म्होरं शून्य लावायची सवय रेकॉर्डची." मग कोपऱ्यात नखानं खरवडलंत तर काळ्या मळीखाली निळा रंग. म्हणजे अंग इंग्लंडातल्या शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीचं, टोपी कुठल्यातरी दुसऱ्या रंध्याची बसवलेली. चारशे पन्नासला मिटलं, आणि परत जाताना चहाच्या गाड्यावर तुम्ही सांगितलंत की रेकॉर्डवाल्यांनी हे रंधे १९३१ पासनं काढले, स्टॅन्लेच्याच मापाचे, नंबरपण तेच, नुसतं पुढं शून्य, त्यामुळं एकाची टोपी दुसऱ्याला बसते आणि मिस्त्री लोक बसवतातच, त्यांना काम करायचं असतं, कपाटात मांडायचं नसतं. तेव्हापासनं मी आधी अंग बघतो, मग पातं, टोपी सगळ्यात शेवटी.

एक पटाशी मात्र मी तुम्हाला भेटायच्या आधीच बिघडवली होती, आणि तुम्हाला दाखवायला मला दोन महिने धाडस झालं नाही. चांगली जाड, लांब पटाशी, मानेजवळ काहीतरी ठसा होता, मी म्हटलं आधी चकचकीत करू आणि मग वाचू, म्हणून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घरररर. चकचकीत झाली, ठसाबी गेला. "शेफ" एवढी अक्षरं उरली आणि खाली "कास्ट स्टील". शेवटी तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं उन्हात धरून बराच वेळ तिरकी तिरकी करून बघितलीत आणि म्हणालात, "नाव पुसलंस की रे बिचाऱ्याचं." त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी माझा आणखी एक घोळ तुम्ही निस्तरलात. मला वाटायचं कास्ट स्टील म्हणजे बिडासारखं ओतीव, हलकं काहीतरी, फेकून द्यायच्या लायकीचं. तुम्ही म्हणालात, गुजरीत सोनार मुशीत सोनं वितळवतो का नाही, तसं मुशीत वितळवलेलं पोलाद ते. शेफिल्डमध्ये १७४० च्या सुमाराला बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळवाल्यानं ही रीत बसवली, त्याला स्प्रिंगसाठी सगळीकडून सारखं पोलाद पाहिजे होतं, आणि मग हत्यारं करणारे अभिमानानं कास्ट स्टील असा ठसा मारायला लागले. म्हणजे मी ज्याला कमअस्सल समजत होतो ती त्या काळातली खानदानी वस्तू. घरी आलो, कुरुंदाच्या दगडावर धार लावली, आणि लिंबाच्या फळकुटावर चालवली तर लोण्यातनं गेल्यासारखी. नाव नसलं तरी काम करते बिचारी.

आता मी ग्राइंडर लावत नाही. तुमची पद्धत: आधी रॉकेल (आता मिळत नाही म्हणून डिझेल), एक रात्र बुडवून ठेवायचं, पितळी ब्रशनं हलक्या हातानं पुसायचं, मग ठशाच्या जागेवर खडू चोळून बोटानं पुसून टाकायचा, खळग्यातला पांढरा राहतो, आणि टॉर्च वरनं नाही तर बाजूनं, अगदी आडवा धरायचा. जे डोळ्याला दिसत नव्हतं ते वाचता येतं. लई गंजलं असेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. हे मी व्हिडिओ बघून शिकलो आणि तुम्हाला शिकवलं (एवढं तरी माझ्या नावावर लागू दे), फक्त हत्यार निगेटिव्हला आणि भंगार लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, उलटं जोडलं तर हत्यारच खाऊन टाकतं. आणि तो तुकडा स्टेनलेसचा अजिबात नको, त्यातनं विषारी घाण पाण्यात उतरते.

नाव वाचणं वेगळं आणि कुणाचं नाव ते कळणं वेगळं, हेपण तुम्हीच शिकवलंत. तो पाना आठवतोय? एका बाजूला एम अँड एस एम आर असं कोरलेलं, मी घरी जाऊन रात्री एक वाजेपर्यंत त्या नावाची कंपनी शोधत बसलो. तुम्ही बघितल्या बघितल्या हसलात. "अरे आपली मिरजेची गाडी ज्यांची हुती ती." मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १९०८ ते १९५१. म्हणजे तो मालकाचा ठसा, करणाऱ्याचा नाही, रेल्वेच्या वर्कशॉपमधली वस्तू चोरीला जाऊ नये म्हणून मारलेला, पण त्यातनं एवढं कळलं की पाना त्या वर्षांतच कधीतरी रेल्वेकडं होता. त्याच पान्यावर ३/८ डब्ल्यू होतं आणि मी मोजलं तर तोंड १८ एमएम, तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊच्या आसपास, मला वाटलं ठसा चुकला. तो आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा, डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, जुन्या इंग्रजी इंची मापाच्या आट्याचा, हे मला कोण सांगणार होतं? तुम्ही जुन्या लिस्टर टाईप (इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवरच्या) इंजिनांचे बोल्ट असल्याच पान्यांनी आवळत आलात, तुम्हाला ते पाढ्यासारखं पाठ.

करवतीवरच्या पितळी बटणाचंपण तसंच. वॉरंटेड सुपीरियर लिहिलेलं बघून मी तुम्हाला भारी कंपनी म्हणून दाखवायला आलो, आणि कळलं की ते कुणाचंच नाव नाही, पाहिजे त्यानं लावावं असलं बटण. पात्यावर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटचा पत्ता होता, तो दुकानदाराचा. करणारा, विकणारा आणि वापरणारा, तीन माणसं एका हत्यारावर सह्या करून जातात आणि आपण पहिली दिसेल ती धरतो.

मागच्या दिवाळीत पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो तेव्हा तुमचं हे सगळं कामाला आलं. अमेरिकन स्टॅन्ले मिळाला, फ्रॉगच्या (पातं ज्याच्यावर टेकतं त्या तुकड्याच्या) मागं बिडातच तीन तारखा: मार्च २५, ०२, मग ऑगस्ट १९, ०२, आणि खाली एप्रिल १९, १०. दुकानदार म्हणे, १९०२ चा आहे साहेब, तीन हजार. मी म्हटलं, मालक, शेवटची तारीख दहाची, मग हा दोनला जन्मला कसा? पेटंटच्या तारखा त्या, रंधा त्याच्यानंतरचा, तीन तारखावाले साधारण १९१८ पर्यंतचे धरतात. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तुमच्याकडं बघायचो. बावीसशेला आणला. बायकोला पाचशे सांगितलेत, नातीनं ही ओळ वाचली तरी काकूंसमोर वाचू नये, माझी बायको आणि त्या बोलतात.

आणि ऐरण. हे सगळ्यांना सांगितल्याशिवाय हे पत्र पुरंच होणार नाही. माझ्या मामेभावाचं कागलजवळ फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्याला ऐरण पाहिजे होती, एका भंगारच्या गोडाउनात दिसली, मी तुम्हाला गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. दर ठरला नव्वद रुपये किलो. त्यांच्या काट्यावर चढवली, एकोणनव्वद किलो. भाऊ पैसे मोजायला लागला. तुम्ही म्हणालात, थांब, खडू हाय का? खडू नव्हता, मग तिथल्याच पोरानं कपाळाचा भंडारा दिला चिमूटभर, तो तुम्ही ऐरणीच्या कुशीवर चोळलात आणि मला टॉर्च आडवा धरायला लावलात. आधी गोलात सॉलिड रॉट (म्हणजे घडीव लोखंडाची) वाचता आलं, त्याच्यावर पीटर राईट पेटंट, हे ऐरणी करणाऱ्या इंग्रज कंपनीचं नाव, आणि खाली तीन आकडे सुटे सुटे. १, २, १४.

भंगारवाला म्हणाला, मॉडेल नंबर असंल. तुम्ही म्हणालात, "वजन हाय ते." पहिला आकडा हंड्रेडवेटचा, एक म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याच्या पाव भागाचा, २८ पौंडाला एक, दोन म्हणजे ५६. तिसरा सुटे पौंड, १४. बेरीज १८२. मी मोबाईलवर किलो केले तर साडेब्याऐंशी. गोडाउनात शांतता. भंगारवाल्यानं धीर सोडला नाही, म्हणाला, जुनी वस्तू आहे, वजनात थोडं मागं-पुढं होतंय. त्यावर तुम्ही गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठलात आणि म्हणालात, "शंभर वर्सं घणाखाली राहून वजन वाढलं? ऐरण हाय का म्हस?"

हमालसुद्धा खाली बसून हसत होते. ब्याऐंशी किलोचे पैसे दिले, सात हजार तीनशे ऐंशी. भावानं शेडवर नेऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकली ती एक्क्याऐंशी किलो सातशे भरली, म्हणजे एवढ्या वर्षांत ऐरण किलोभरपण झिजली नाही. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं ते आता सांगतो, भावानं शेडमध्ये त्या आकड्यांवर पांढरा ऑइलपेंट भरून घेतलाय आणि येईल त्याला हिशोब समजावून सांगतो, जसं काय त्यानंच शोधलं.

हे झालं शिकवल्याबद्दल. पण पत्र लिहायला बसलो ते ह्याच्यासाठी नाही.

दोन महिन्यांमागं मला यायला उशीर झाला, तुम्ही भाजीकडं गेला होता, तेव्हा पथारीवाला मला म्हणाला, "तुमच्या तीन खाचांचं काय, घावलं का?" मला कळेना. मग तो म्हणाला, आण्णा दर रविवारी आल्यावर आधी सगळ्या मुठी बघतात, आणि आम्हाला सगळ्यांना सांगून ठेवलंय, मुठीच्या बुडाला शेजारी शेजारी तीन खाचा असलेलं काही आलं तर विकायचं नाही, बाजूला ठेवायचं. आजोबा आपली हत्यारं ओळखू यावीत म्हणून अशा खाचा मारायचे हे मी तुम्हाला एकदाच, पहिल्या दिवशी चहा पिताना, बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही त्यावर काही बोलला नव्हता, मला वाटलं ऐकलंपण नसेल. तीन वर्षं झाली त्याला.

त्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा मी काही बोललो नाही, बोलायला जमलं नाही, आणि तुम्हाला वाटलं बायकोशी भांडून आलोय.

आण्णा, खरंच आभारी आहे. ह्या रविवारी मी नाही, ऑडिट चालू आहे. त्याच्या पुढच्या रविवारी येतो. एक वाकस (लाकूड तासायचं हत्यार) मिळालाय, ठशातला आकडा आठ आहे का तीन ते कळंना, खडूनंपण नाही दिसत, तुम्हीच बघा. चहा माझ्याकडं. आणि आधी कोथिंबीर घेऊन ठेवूया, काकू मला बोलतात.