अकरा महिन्यांच्या करारावर आपत्ती कशी सांभाळायची?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. एका जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन पाहायला माणूस हवा आहे. पद कंत्राटी, मुदत अकरा महिने. 'काकू, अर्ज करू का?' मुलगा हुशार आहे, पुराच्या पाण्यात उतरणारा आहे. तरी मला चटकन हो म्हणवेना.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. आमचं गाव औसा तालुक्यातच, पण किल्लारीपासून लांब, म्हणून भिंतींना भेगा जाण्यावर निभावलं. पुढे घरं मजबूत करण्याच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून घेतल्या, त्यात मी होते.

आमच्याकडची दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून बघावं तर किल्ल्यासारखी. पण आत दोन वेगळ्या थरांमध्ये नुसती माती आणि कपच्या भरलेल्या. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांना सोडतात आणि वरचं माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकलेलं सपाट छत, मातीसकट अंगावर येतं. माणसं मेली ती अशी. यावरचा उपाय आम्ही दारोदार सांगत फिरायचो. मध्ये मध्ये दगड काढून भिंतीत आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई त्यात ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. माळवदावरची माती वीतभर राखून बाकीची उतरवायची. लोक ऐकायचे नाहीत. घर तापंल, गळंल म्हणायचे. एका आजींनी भोकात हात घालून पलीकडे बोटं हलवून पाहिली आणि म्हणाल्या, 'म्हणजे घराला टाका घालताय की गं!' त्यानंतर त्या गल्लीत मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या वेळी लातूरचे कलेक्टर होते प्रवीण परदेशी. भूकंपानंतर पावसानं झोडपलं. चिखलातले ढिगारे उपसायचे, प्रेतांची ओळख पटवायची, जगलेल्यांना पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन घालायचं, हे सगळं प्रशासनाच्या अंगावर एकदम पडलं. मग लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवायचं काम निघालं. परदेशी पुढे जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम कमी करण्याच्या कार्यालयात गेले. पुनर्वसन कार्यक्रमात काम केलेले कृष्ण वत्स राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य झाले. आमच्या मातीत शिकलेलं दिल्ली-जिनिव्हापर्यंत पोचलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

तालुक्याला मात्र त्यातलं काय उरलं? परदेशी २०१९ मध्ये मुंबईचे महापालिका आयुक्त झाले आणि मे २०२० मध्ये, कोरोना ऐन भरात असताना, त्यांची बदली झाली. कारणं सरकारला ठाऊक, मला त्यात पडायचं नाही. पण संकट पाहिलेला माणूस संकटाच्या मधोमध हलवला जातो, हे मला अजून पटलेलं नाही.

मोठ्या साहेबांचं निदान नाव तरी राहतं. खालच्या माणसाचं तेही नाही. दोन वर्षांपूर्वी आपत्ती व्यवस्थापनाचा एक तरुण कंत्राटी अधिकारी बचावाच्या रंगीत तालमीसाठी गावात आला होता. टाके घातलेली घरं कोणती, असं त्यानं स्वतःहून विचारलं. कार्यालयात त्याला जुनी यादी सापडली नव्हती. त्या घरांची नोंद ठेवलेली माझी वही मी दाखवली. तो दोन तास ओट्यावर बसून पानं चाळत होता, झेरॉक्स काढायला परत येतो म्हणाला. महिनाभरानं मी फोन केला, तर करार संपून तो गेला होता. त्याच्या जागी आलेल्याला वहीबद्दल कुणी सांगितलेलंच नव्हतं. इकडे त्या जुन्या घरांवर लोक चार इंची विटांच्या भिंती चढवून मजले बांधतायत, आणि अडवायला कुणी नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं कलेक्टर हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांची बदली दोन-तीन वर्षांत होणार, हे धरूनच चालावं लागतं. म्हणूनच त्यांच्या हाताखालचं आपत्ती व्यवस्थापनाचं पद तरी कायमचं हवं. त्याला बढतीची वाट हवी, पुण्याच्या यशदासारख्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत नियमित प्रशिक्षण हवं आणि जाताना पुढच्याला लेखी कार्यभार देण्याची सक्ती हवी. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यानं जे भोगलं, ते कुठल्या नाल्यावर, कुठल्या वस्तीत, किती वाजता भोगलं, हे पुढच्या पावसाळ्यात सांगणारा माणूस त्याच खुर्चीत सापडला पाहिजे.

मुलानं अर्ज भरला आहे. माझी वही मी द्यायला तयार आहे. फक्त घेणारा पुढच्या वर्षी तिथे असावा.

— एक माजी संवाद सहायक, ता. औसा, जि. लातूर