फसलेल्या प्रयोगाचा खलनायक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रयोग हाताबाहेर गेल्यावर काय होतं, यावरच्या विज्ञान-थरारपटाचं परीक्षण आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं आणि नातवाला घेऊन चित्रपटही पाहून आले. थरार छान जमला आहे. मात्र 'विज्ञानाच्या अहंकाराची शोकांतिका' म्हणून परीक्षणात ज्याची वाखाणणी झाली, तीच बाजू मला सर्वांत कच्ची वाटली. विक्षिप्त शास्त्रज्ञ, मध्यरात्री एकटाच प्रयोगशाळेत, कुणाचं म्हणून ऐकत नाही, आणि शेवटी सगळं अंगाशी येतं! नागपुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. प्रयोग असे फसत नाहीत, हे मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या स्फोटाचंच घ्या. तिथे त्या रात्री एक चाचणीच चालू होती. बाहेरची वीज गेली तर टर्बाइनच्या उरलेल्या वेगावर भट्टी थंड ठेवणारे पंप थोडा वेळ चालतील का, एवढंच तपासायचं होतं. चाचणी 25 एप्रिल 1986 ला दिवसा व्हायची होती. कीव्हच्या वीज नियंत्रकाने मागणी आहे म्हणून थांबवून ठेवलं आणि काम तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या गळ्यात पडलं. अणुभट्टीची औष्णिक शक्ती किमान 700 मेगावॅट हवी होती. ती 30 पर्यंत कोसळली, कशीबशी 200 वर आणली, तरी चाचणी रेटली. रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी भट्टी बंद करण्याचं बटण दाबलं, तर भट्टीची शक्ती आवरणाऱ्या नियंत्रक कांड्यांच्याच सदोष रचनेमुळे शक्ती उलट उसळली. हा दोष 1983 मध्येच दुसऱ्या एका केंद्रात लक्षात आला होता. भट्टी चालवणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसरं उदाहरण सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्कचं. 1979 च्या एप्रिलमध्ये तिथल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जिवाणू हवेत पसरले आणि किमान 66 माणसं गेली. त्या जैवशस्त्र कार्यक्रमात पुढे वरिष्ठ पदावर असलेल्या केन अलिबेक यांनी सांगितलेली हकीकत अशी: बाहेर जाणारी हवा गाळणारा, तुंबलेला फिल्टर काढला, तशी चिठ्ठीही लिहून ठेवली, पण नोंदवहीत नोंद केली नाही. पुढच्या पाळीने वही पाहिली, त्यात काही नव्हतं, म्हणून यंत्र चालू केलं. सरकारने वर्षानुवर्षं दोष दूषित मांसावर ढकलला.

एका न झालेल्या नोंदीने इतके जीव जावेत, याहून भयंकर पटकथा कोणती हवी? आणि ती आपल्याला परकीही नाही. आमच्या प्रयोगशाळेत विषारी वायू बाहेर ओढणारा पंखा कित्येक महिने बंद होता. हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या अंड्यासारख्या वासाने मुलींची डोकी दुखायची, आणि तपासणीच्या रजिस्टरमध्ये दर महिन्याला त्याच पंख्यापुढे 'चालू' लिहिलेलं असायचं. प्रात्यक्षिकाच्या वह्यांची तीच गत. द्रव मोजायच्या नळीची, म्हणजे ब्युरेटची, तिन्ही वाचनं 10.2, 10.2, 10.2. उत्तर आधी माहीत, त्यावरून निरीक्षणं मागाहून बसवलेली. असं लिहिणारी ही मुलं काही विक्षिप्त नव्हती, गुणी होती. जुळलेल्या आकड्यालाच गुण मिळतात, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

चित्रपट पाहून बाहेर पडताना नातू म्हणाला, "आजी, मला नाही व्हायचं शास्त्रज्ञ." या एका वाक्याने मला पत्र लिहायला बसवलं. वेडा शास्त्रज्ञ दाखवला की प्रेक्षक विज्ञानाला भितो. ज्याला खरंच भ्यायला हवं, ती खोटी नोंद आणि 'वरून सांगितलंय, उरकून टाका' ही घाई मात्र सुटून जाते. विज्ञान चोख ठेवूनही कथा रंगते, हे जयंत नारळीकरांनी मराठीत केव्हाच दाखवून दिलं आहे. आपल्या दिग्दर्शकांनी पाळीबदलाच्या त्या दहा मिनिटांवर थरारपट करून पाहावा, मी पहिल्या खेळाला येईन.

आपल्याला विनंती एवढीच, की असा चित्रपट आला की परीक्षणासोबत प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणाचं तरी चार ओळींचं टिपण छापावं. पर्यावरण संशोधन करणारी नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी अशा संस्था याच शहरात आहेत. माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर