नववं प्रकरण

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी वाचून झाली. दोनदा. पहिल्यांदा नुसती वाचक म्हणून, दोन रात्रींत. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन आणि ओळीखाली पट्टी धरून, छापखान्यात प्रुफं वाचताना धरायचे तशी. दुसऱ्या वाचनाला नऊ दिवस लागले. छापून घेतलेली पानं बांधून सोबत पाठवतेय.

फाइल पाठवताना तू लिहिलं होतंस, "आई, नववं प्रकरण सोडून वाच, प्लीज." आणि त्याखाली, "टोपणनाव घेणार आहे, त्यामुळे काळजी करू नकोस." हे पत्र या दोन ओळींसाठी आहे. बाकी सगळं समासात लिहिलंय.

मी नववं प्रकरण वाचलं. इतकी वर्षं प्रुफं वाचण्यात गेली, मधलं प्रकरण सोडून पुस्तक वाचणं मला जमतच नाही. वाचून लाज वाटली नाही, रागही आला नाही. हळहळ वाटली. सगळ्या पुस्तकात तेवढं एकच प्रकरण तू घाबरत घाबरत लिहिलं आहेस, आणि तू घाबरलीस ती मला, हे पहिल्या परिच्छेदातच कळलं.

कसं कळलं ते सांगते. तुझा नायक साठ वर्षांपूर्वी वारलेला, आणि अजून त्याच घरात आहे. तू त्याला एकच नियम घालून दिलास: तो जिवंत असताना घरात ज्या वस्तू होत्या, त्यांनाच त्याचा हात लागतो. जुन्या कपाटाचं दार त्याला उघडता येतं, तिचा मोबाइल उचलता येत नाही. चौथ्या प्रकरणात ती तापाने फणफणलीय, घरात दुसरं कुणी नाही. तो पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवायला जातो आणि त्याची बोटं काचेतून आरपार जातात, कारण तो पेला तिने मागच्याच महिन्यात आणलाय. तो पुन्हा प्रयत्न करतो. मग नुसता पेल्याशेजारी हात ठेवून बसून राहतो. इथे मी पट्टी खाली ठेवली. पेल्यासारखीच तीही त्याच्या मृत्यूनंतर जगात आलेली आहे, म्हणजे तिलाही त्याचा हात कधी लागणार नाही, हे मला त्या पेल्यावरून कळलं. तू ते कुठेच बोलून दाखवलं नाहीस. इतका संयम तुझ्यात कुठून आला, मला माहीत नाही, पण मी ते पान बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि नवव्या प्रकरणात तो सरळ तिचा हात हातात घेतो. कसा? काही कारण नाही, काही किंमत नाही. दीड पानात सगळं उरकतं, दिवा जातो, सकाळ होते. आठ प्रकरणं जपलेला नियम तू मोडलास, आणि तो मोडला हे तुझ्या लक्षातही आलं नाही, कारण त्या पानांवरून तुला लवकर निघून जायचं होतं.

अतर्क्य गोष्टींच्या लेखनात वाचक भुतावर विश्वास ठेवतो तो नियमाच्या भरवशावर. मेलेला माणूस समोर उभा आहे हे तो बिनतक्रार मान्य करतो, पण त्या माणसाला काल जे जमत नव्हतं ते आज का जमलं, याचा हिशेब तो मागतोच. प्रेमकथेत तर नियमच दोघांमधला अडसर असतो. तो फुकट काढून टाकलास तर पुढे ओढ कसली?

सहाव्या प्रकरणात तिला पेटाऱ्यात त्याच्या आईची शाल सापडते, आठवतं? नंतर ती शाल पुस्तकात पुन्हा येतच नाही. तू विसरलीस. तिने ती अंगावर घेतली तर? शालीला त्याचा हात लागतो. तिला खांद्यावर वजन जाणवेल, ऊब जाणवणार नाही. त्याला लोकर कळेल, आतला खांदा कळणार नाही. मग त्या दोघांनी त्या रात्री काय करायचं ते तू लिही. मी हे नुसतं सुचवतेय, तुला याहून चांगलं सुचेल. प्रसंग किती उघड लिहायचा तेही तूच ठरव. ऐन वेळी दार लावून घेणाऱ्या प्रेमकादंबऱ्या असतात, दार उघडं ठेवणाऱ्याही असतात, आणि दोन्हींना वाचक आहेत. पण ते दार तुझ्या नायिकेने लावायला हवं. आईच्या पावलांची चाहूल लागली म्हणून लेखिकेने नाही.

आता टोपणनावाचं.

टोपणनावाला माझा विरोध नाही. या व्यवसायात ते सर्रास घेतात, आणि त्याला चांगली कारणंही असतात. उद्या तू मुलांसाठी लिहिलंस तर दोन्हीकडच्या वाचकांचा गोंधळ नको. खासगी आयुष्य वेगळं ठेवायचं असतं. नोकरीच्या ठिकाणी प्रश्न नको असतात. १८४६ साली इंग्लंडमधल्या शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या तीन ब्राँटे बहिणींनी पदरचे पैसे घालून कवितांचं पुस्तक छापून घेतलं, तेही पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी. वर्षभरात दोन प्रती खपल्या. दोन! पुढच्याच वर्षी त्याच टोपणनावांनी त्यांच्या कादंबऱ्या आल्या. त्यांतली एमिलीची तर खिडकीशी येणाऱ्या मृत प्रेयसीचीच, म्हणजे तुझ्याच घराण्यातली. शार्लटने पुढे लिहून ठेवलं, की बायकांच्या लेखनाकडे पूर्वग्रहाने पाहिलं जाईल अशी धास्ती होती. तिने ती नावं जाहीरपणे उलगडली १८५० मध्ये. तोवर एमिली आणि अ‍ॅन दोघीही गेल्या होत्या. आपलं पुस्तक आपल्या नावाने ओळखलं गेलेलं एमिलीने पाहिलंच नाही.

त्याहून वाईट गोष्ट पॉलिडोरीची. रक्त पिणाऱ्या सुसंस्कृत उमरावाची जी प्रतिमा आजच्या असल्या सगळ्या कादंबऱ्यांत फिरते, ती त्याच्या कथेपासून सुरू झाली. १८१९ मध्ये ती एका इंग्रजी मासिकात छापून आली, बायरनच्या नावावर. बायरन म्हणजे तेव्हाचा नावाजलेला इंग्रज कवी, आणि पॉलिडोरी त्याचा डॉक्टर होता. कथा माझी आहे हे त्याला पत्र पाठवून सांगावं लागलं. दोन वर्षांनी, पंचविसाव्या वर्षी तो वारला. स्वतःच्या कथेवर दुसऱ्याचं नाव पाहताना माणसाला काय होत असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्याला कारण आहे.

मी छापखान्यात लागून चारेक वर्षं झाली असतील. एका निवृत्त गृहस्थांचा कवितासंग्रह आला होता, त्यांच्याच पैशाने. आतली पानं मी तीनदा वाचली, एक वेलांटी चुकू दिली नाही. मुखपृष्ठाचं प्रूफ मात्र नुसतं डोळ्यांखालून घातलं, कारण मुखपृष्ठावर काय चुकणार? पुस्तक बांधून आलं तेव्हा कण्यावर त्यांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. पाचशे प्रती. ते रागावले नाहीत. आम्ही योग्य नावाच्या पट्ट्या छापल्या आणि तेही आमच्याबरोबर बसून दोन दिवस एकेका कण्यावर डिंकाने चिकटवत होते. प्रत्येक पट्टी लावली की अंगठ्याने वरून खाली दाबायचे, आणि अंगठा क्षणभर तिथेच ठेवायचे. तो अंगठा मी विसरले नाही.

म्हणून टोपणनाव घ्यायचं तर ते तुझ्या कारणासाठी घे. वाचकांसाठी घे, नोकरीसाठी घे, ते नाव आवडलं म्हणून घे. आईला कळू नये म्हणून घेऊ नकोस. आईला कळलंय, आणि आईला पुस्तक आवडलंय. घेतलंस तरी एक लक्षात ठेव. प्रकाशनाच्या खात्यावर, बँकेत आणि करासाठी खरंच नाव द्यावं लागतं, त्यात लपवाछपवी नको. कॉपीराइट टोपणनावालाही असतो, पण मोजणी वेगळी होते. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाचा हक्क किमान त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत चालतो, आणि कोण लिहितंय हे उघड नसलेल्या टोपणनावाच्या पुस्तकाला प्रसिद्धीपासून ५० वर्षं. अनेक देशांत मुदती याहून मोठ्या आहेत. नावामागची व्यक्ती जाहीर झाली की मोजणी पुन्हा आयुष्यावरून होते. तेव्हा ते नाव तुझंच आहे याचा कागद कुठेतरी नीट ठेव.

गेला महिनाभर मी हे सगळं वाचत होते. स्वतः प्रकाशित करण्याचं मला आधी भय वाटत होतं. आमच्या वेळी पैसे देऊन छापून घेणं म्हणजे घरात गठ्ठे पडून राहणं. आता मागणी आली की एकच प्रत छापतात, हे मला फार आवडलं. तुझ्याच प्रकारात लिहिणारी अमँडा हॉकिंग, प्रकाशकांकडून नकारावर नकार आलेली, तिने २०१० मध्ये स्वतःच ई-पुस्तकं काढली आणि वर्षभराच्या आसपास दहा लाखांवर प्रती गेल्या. हे तुला माहीत असणार. पुढचं मात्र नीट वाच. २०११ मध्ये तिने एका मोठ्या प्रकाशनसंस्थेशी वीस लाख डॉलरांच्या पुढचा करार केला, आणि कारण हे दिलं की मला लेखिका व्हायचंय, आठवड्याचे चाळीस तास ईमेल, मुखपृष्ठं आणि संपादक शोधण्यात घालवायचे नाहीत. इतकं यश मिळालेली बाई हे म्हणते. तू एकटी ही दोन्ही कामं करणार आहेस. लिहायची वेळ आधी बाजूला काढ, उरलेल्यात प्रकाशक हो. उलटं केलंस तर दुसरं पुस्तक होणार नाही, आणि या प्रकारचे वाचक मालिका वाचतात, पहिलं आवडलं की लगेच दुसरं मागतात.

पैशाचं थोडक्यात. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या ई-पुस्तकाला बहुतेक मोठ्या बाजारांत ७० टक्के मानधनाचा पर्याय आहे, त्याच्या बाहेर ३५. सत्तर टक्क्यांत फाइलच्या आकाराप्रमाणे थोडं कापतात, म्हणून आत जड चित्रं घालू नकोस. त्यांच्या सिलेक्ट योजनेत गेलीस तर ई-पुस्तक ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढली नाहीस तर पुढचे ९० दिवसही गेले. त्या बदल्यात वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. त्यांच्याकडून फुकट मिळणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, छापील पुस्तकाला घेतलास तर प्रकाशक म्हणून तुझ्या संस्थेचं नाव लागणार नाही, तेव्हा ते आधी ठरव. आणि "आम्ही तुमचं पुस्तक काढू, एवढी रक्कम भरा" म्हणत कुणी आलं तर मला फोन कर. संपादकाला, चित्रकाराला त्यांच्या कामाचे पैसे जरूर दे. पुस्तक काढण्याबद्दल प्रकाशकाला पैसे देऊ नकोस.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. शेवटच्या प्रकरणात तो नाहीसा होतो आणि ती घर विकून निघून जाते. सुंदर लिहिलंयस, मी रडले. पण हे रोमान्स म्हणून विकू नकोस. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्याच केली आहे: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि समाधान देणारा, आशा असलेला शेवट. या विभागात पुस्तक उचलणाऱ्याला तू तसं वचन देतेस. दिवसभर राबून रात्री तासभर वाचणारी बाई त्या वचनावर पैसे देते. शेवटी तिला रिकामं घर दिलंस तर ती चिडेल, आणि तिचं चिडणं बरोबर असेल. एक तर ते दोघं एकत्र राहतील अशी वाट काढ, तुझ्या नियमातून काढ, किंवा पुस्तक भूतकथेच्या विभागात ठेव. दोन्ही मला चालेल. मुखपृष्ठावर आलिंगन आणि आत ताटातूट, हे चालणार नाही.

छापायच्या आधी शेवटचं प्रूफ मी वाचणार. कणा, मलपृष्ठ, सगळं. प्रसिद्ध झाल्यावर मला अभिप्राय लिहिता येणार नाही, घरच्यांनी लिहिलेले अभिप्राय अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाहीत. म्हणून जे म्हणायचं ते इथेच म्हणते: तो पेल्याशेजारी ठेवलेला हात मला अजून दिसतो.

समासात सगळीकडे खुणा सापडतील. नववं प्रकरण मात्र कोरं ठेवलंय, ते तू पुन्हा लिहिणार आहेस म्हणून. लिहून झालं की पाठव.

तुझी
आई

ता. क. १७ व्या पानावर त्याचे डोळे तपकिरी आहेत, १४० व्या पानावर काळे. कुठले ते ठरव.