हीटरसोबत कन्व्हर्टर देऊन घर धोक्यात घातल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

निफाडची थंडी म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही, म्हणून सासूबाईंच्या खोलीसाठी आपल्या कंपनीचा २००० वॅटचा ब्लोअर हीटर घेतला. त्याची जाड पिन खोलीतल्या सॉकेटमध्ये बसेना. तेव्हा डेमोला आलेल्या आपल्या माणसाने बॅगेतून कन्व्हर्टर काढून लावला आणि "बिनधास्त चालवा" म्हणून तो निघून गेला.

गेल्या आठवड्यात पहाटे सासूबाई जळका वास येऊन जाग्या झाल्या. कन्व्हर्टर वितळून सॉकेटला चिकटला होता. त्यांनी बटणाला हात न लावता मला हाक मारली, मी मेन स्विच बंद केला.

२३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर पावणेनऊ अँपियरच्या आसपास करंट घेतो. ते सॉकेट ६ अँपियरचं. हीटरला गीझरसारखं १६ अँपियरचं पॉवर सॉकेट लागतं, जाड पिन असते ती त्यासाठीच. त्या लाइनचा एमसीबी (करंट मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच) १० अँपियरचा असल्याने तोही पडला नाही आणि सॉकेट रात्रभर तापत राहिलं. "१००० वॅटवरच ठेवा" एवढं जरी सांगितलं असतं, तरी भार साडेचार अँपियरच्या आत राहिला असता. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तुम्ही लोकांच्या घरी पाठवता कसे?

माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, पडदे आणि अंथरूण मीटरभर लांब ठेवा, हीटरवर कपडे वाळत घालू नका, हे सगळं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत. दिवसभर हीटरपाशी बसणाऱ्या सासूबाईंनी ते वाचायचं कसं? वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे न देणारा उत्पादक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नुकसानीला जबाबदार धरला जातो.

हीटरची पूर्ण किंमत आणि वायरिंग दुरुस्तीचा खर्च पंधरा दिवसांत मिळावा, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पण पैशांआधी एक काम करा. आपल्या माणसांनी ज्या ज्या घरी असे कन्व्हर्टर लावले आहेत, तिथे आजच फोन करून ते काढायला सांगा. थंडी अजून सरलेली नाही, आणि त्या घरांतले हीटर आज रात्रीही चालू असतील.

आपली ग्राहक,
निफाड, जि. नाशिक

सोबत: बिलाची प्रत, जळालेल्या सॉकेटचे फोटो